केंब्रिजला निघालेला साप

मुलीचा साप केंब्रिजला नेऊन पोचवायचा ठरला तेव्हा मी आधी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची! आणि दुसऱ्या क्षणाला वाटलं, नको, राहू दे. कारण आमचे हे गेल्यापासून दोन वर्षं मुलगी लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या घरी येत होती ती त्या सापासाठीच. एक शनिवार आड केंब्रिजहून ट्रेन बदलत यायची, थेट गॅरेजमध्ये जायची, त्याला उंदीर घालायची आणि अंधार पडायच्या आत परत. जेवायला बस म्हटलं की म्हणायची, ‘खाऊन आलेय.’ साप गेला की शनिवारही गेला, हे मला लख्ख दिसत होतं.

साप ह्यांनीच आणलेला, मुलगी अकरा वर्षांची असताना. कॉर्न स्नेक म्हणतात, केशरी, बिनविषारी. दिवसभर हॉस्पिटलात पेशंटना भूल देणारा हा माणूस संध्याकाळी साप गळ्यात घालून टीव्हीसमोर बसायचा. ईलिंगच्या मराठी मंडळातल्या बायका मला चिडवायच्या, ‘तुझं बरं आहे गं, नागपंचमीला वारूळ शोधायला नको!’ मीही हसायचे. पण आमच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. गोठवलेले उंदीर गॅरेजमधल्या छोट्या फ्रीझरमध्ये असायचे, आणि त्या फ्रीझरला मी बोटही लावलं नाही.

हे गेले, आणि तेराव्याला, घरभर पाहुणे असताना, मी मुलीला म्हटलं, ‘ते जनावर आधी माझ्या डोळ्यांसमोरून हलव!’ माझी जीभ अशीच, एकदा सुटली की सुटली. सापाची काचेची पेटी तिने गॅरेजमध्ये नेली, खालचा हीटर लावला आणि केंब्रिजला निघून गेली. तिच्या भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नव्हते. तेव्हापासून आमचं बोलणं उरलं ते सापापुरतं.

मग तिला नवा फ्लॅट मिळाला, तिथे साप चालणार होता. तिच्याकडे गाडी नव्हती, माझ्याकडे ह्यांची होती. फोनवर तिने सगळं नीट सांगितलं. त्याला न्यायला उशीचा अभ्रा उलटा करून घे, शिवणीच्या दोऱ्यांत तो अडकता कामा नये. तोंडाला पीळ देऊन घट्ट गाठ मार. अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेव, झाकणाच्या क्लिपा लाव, डब्याला सीटबेल्ट लाव. वाटेत काही झालं तरी उघडायचं नाही. आणि शेवटी म्हणाली, ‘त्याला खायला घालायला जाऊ नकोस.’

ते वाक्य मला लागलं. वाटलं, टोमणा मारतेय. तुझ्याच्याने कुठलं होतंय, असं म्हणतेय.

आमच्याकडे गावाला निघालेल्याला कुणी उपाशी धाडत नाही. हे रात्रपाळीला निघायचे तरी हातावर दही घालायचे मी. निघायच्या दिवशी सकाळी आंघोळ करून गॅरेजमध्ये गेले, फ्रीझर उघडला, उंदीर कोमट पाण्यात सोडला. रामराम म्हणत स्वयंपाकघरातल्या सांडशीत धरून सापासमोर नेला. त्याने झडप घातली आणि सावकाश गिळला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. सांडशी कचऱ्यात टाकली, पुन्हा आंघोळ केली. मग साप अभ्र्यात घातला आणि निघाले.

लंडनभोवतीच्या एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर मी एकटीने कधी गाडी चालवली नव्हती. अर्धी वाट झाली असेल, गाडीत कुजका वास भरला. वाटेतल्या पहिल्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, गाडी लावली. अभ्रा ओला दिसत होता. साप ओकला होता. घाणीत कसं ठेवायचं त्याला? मी क्लिपा काढल्या, गाठ सोडली. तो माझ्या मनगटावरून सरकला आणि दोन सीटच्या फटीत दिसेनासा झाला.

मुलीला फोन केला. ती ओरडली नाही. ‘इंजिन बंद कर. सीट मागेपुढे करू नकोस, चिरडेल तो. दारं, खिडक्या बंद ठेव आणि आतच बस. मी येते.’

सव्वा तास मी तशीच बसून होते. बाहेर लोक कॉफी घेऊन चालले होते. भीती सापाची नव्हती. मी त्याला मोठ्याने सांगत होते, ‘बाबा रे, ती येईपर्यंत जगून राहा. तू गेलास तर तिच्याशी बोलायला माझ्याकडे काही उरणार नाही.’

ती कुणा मैत्रिणीची गाडी मागून घेऊन आली. टॉर्च घेऊन मागच्या सीटपाशी आडवी झाली. साप माझ्याच सीटखाली होता, स्प्रिंगांना वेटोळं घालून, माझ्या उबेला. एकेक वेटोळं सोडवत तिने त्याला बाहेर काढलं. मग तो अभ्रा पाहिला.

‘ह्याला खायला कुणी घातलं?’

‘मी.’

‘तू? उंदीर? हाताने?’

‘सांडशीने.’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘अगं, पोट भरलेल्या सापाला हलवलं की तो ओकतो. जिवावरही बेततं. म्हणून नको म्हटलं होतं.’

‘मला वाटलं, टोमणा मारलास,’ मी म्हटलं. आणि मग मला राहवेना. ‘हा तिकडे गेला की तू यायची नाहीस, हेही कळत होतं मला. तरी आणला.’

बरोबर आणलेल्या कोऱ्या अभ्र्यात साप घालून ती गाठ मारत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आई, सापांच्या दुकानातला माणूस घरी येऊन उंदीर घालायला तयार होता. बाबा गेल्यावर पहिल्याच महिन्यात. मीच नको म्हटलं. उंदीर घालायला पाच मिनिटं लागतात. मी तासतासभर गॅरेजमध्ये बसायचे. तू एकदाही आली नाहीस.’

आणि मी तो तासतासभर स्वयंपाकघरात, पोळ्या फडक्यात गुंडाळून, ती आत येईल म्हणून बसलेली असायचे. मध्ये एक दार होतं, आणि त्याला कडीसुद्धा नव्हती.

साप त्यानंतर तीन आठवडे जगला. त्याचं वय झालं होतं, असं ती फोनवर म्हणाली. मला जे माहीत आहे ते माहीत आहे. मी खूप रडले. ह्यांच्या गळ्यातला होता तो.

त्या शनिवारी दुपारी बेल वाजली. गॅरेज रिकामं होतं, पेटी तिच्याकडे गेलेली. दारात ती उभी.

‘आई, सकाळपासून काही खाल्लं नाहीये,’ ती म्हणाली.

मी कणीक भिजवायला घेतली. ती ओट्याला टेकून उभी राहिली.