क्रॅश गार्ड आणि नारळ

मंडळी, आमची मोटरसायकल सतरा वर्षांची. उद्या तिच्यावरून कोकणात निघायचंय, म्हणून आज केडगावला मेकॅनिककडं जाऊन ऑइल बदललं आणि पुढं नवाकोरा क्रॅश गार्ड बसवला. पडलो तर निदान पाय वाचावेत.

भिंगारला घरी आलो तर आई हळदकुंकू घेऊन दारात. "नवं बसवलंय तर पूजा नको व्हय?"

नारळ फोडायला ती दगड शोधायला लागली. मीच ऐटीत म्हणालो, "गार्डवरच फोड, लोखंडाचा आहे."

तिनं नारळ हाणला. नारळाला साधी चीरसुद्धा नाही, गार्ड मात्र वाकला.

मेकॅनिकला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "नारळ लई कडक असंल."

आईनं नारळ पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "ह्योच बांध पुढं."

खरं सांगा, तुम्ही काय बांधून निघाला असता?