मोहाखालची दोरी

आमच्या मावशीइतकी बिनदिक्कत प्रभू येशूला उलट उत्तरं देणारी बाई मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही. इतर लोक प्रार्थनेला डोळे मिटतात, आवाज खाली आणतात आणि एरवी कधी न वापरलेले शब्द वापरतात. मावशीची प्रार्थना उखळात धान कांडता कांडता चालायची, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की घरात कोणी पाहुणा आला आहे आणि ही त्याच्याशी हुज्जत घालते आहे. "नाई म्हंजे नाई. दुसरं काही सांग!" हे मी तिच्या दारावरून जाताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही भांडणतंटा असेल म्हणून आत डोकावले. आत मावशी, मुसळ आणि एक कोंबडी.

ती माझी कोणी लागत नव्हती. सगळं गावच तिला मावशी म्हणे. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील, चांदा जिल्ह्यात वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावी मिशनच्या दवाखान्यात माझी नर्स म्हणून नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी मावशी पातेलंभर चहा घेऊन हजर. "प्रभू म्हने, नर्सबाईचं डोकं दुखून राह्यलं, तिच्याशी बोलू नोको, नुसता चहा दे." डोकं खरंच दुखत होतं. बैलगाडीच्या प्रवासानं कोणाचंही दुखेल. मावशीनं चहा दिला आणि न बोलण्याचा निरोप पोचवून झाल्यावर ती दिवे लागेपर्यंत बोलत बसली.

तिला संदेश येत. रोज पहाटे, आणि चैत्रात मोहाची फुलं वेचताना तर हमखास. मी स्वभावानं कोरडी. ताप असेल तर थर्मामीटर लावून बघणारी. त्यामुळे या संदेशांकडे मी पुष्कळ दिवस संशयानं पाहिलं. पण त्यांत संशय घेण्यासारखं फार काही सापडेना. जगबुडीची भाकितं नाहीत, कोणाचं भविष्य नाही. प्रभू तिला सांगायचा ते एवढंच, की अमक्याच्या घरी चूल पेटली नाही, भाकर नेऊन दे. तमक्याशी काल तू वाकडं बोललीस, आज सरळ बोल. मार्कंड्याच्या जत्रेत ती घागर घेऊन रस्त्यावर उभी राही आणि महादेवाला निघालेल्या यात्रेकरूंना पाणी पाजी. "त्यानंच सांगतलन," म्हणे, "तहान कोनाची हाये ते पाहू नोको." काम करता करता माझ्याशी बोलत राहा आणि समोर येईल त्याच्यावर प्रेम कर, एवढा तिचा सगळा धर्म. पहिली गोष्ट तिला सहज जमे. दुसरीत एक अडचण होती, आणि ती अडचण शेजारच्याच घरात राहत होती.

ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघी विधवा, दोघी एकाच मंडळीतल्या, पण प्रार्थनाघरात एक पहिल्या रांगेत बसली की दुसरी शेवटच्या. भांडण मोहाच्या झाडाचं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा बांधावरचा मोठा मोह अर्धा-अर्धा ठरला होता. भाऊ गेले, वाटणी राहिली. मोहाचं फूल पहाटे आपोआप गळतं, आणि वारा ज्या अंगाला असेल त्या अंगाला जास्त पडतं. वाऱ्याला वाटणीपत्र वाचता येत नाही. म्हणून मावशीनं झाडाखालची जमीन झाडून बुंध्यापाशी मधोमध एक अंबाडीची दोरी अंथरली होती. इकडची फुलं माझी, तिकडची तिची. दोरीवरच पडलेल्या फुलाला दोघीही हात लावत नसत. ते कोंबडी खाई.

"प्रभू दोरी काढ म्हनते," मावशी मला एकदा चिडून म्हणाली. "दोन वर्सं झाले, एकच टुमणं. मी म्हटलं, देवा, तू बारा शिष्य सांभाळले, पन जाऊ नाई सांभाळली. तुले काय मालूम!"

"मग काय म्हणाला?"

"काई नाई. तो असाच करते. आपलं सांगते आन् चूप बसते."

अशात नवे पादरीसाहेब आले. नगरकडचे, तरुण, मनानं चांगले, पण मोहाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक की त्याची दारू होते; फुलं वाळवून लोक वर्षभर खातात, हे ठाऊक नव्हतं. ते आले त्या दिवसांत घरोघरी अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळ्या गावाला तो गोड आंबूस वास. त्यात त्यांच्या कानावर आलं की एका बाईला मोहाच्या झाडाखाली संदेश येतात. त्यांनी दोन आणि दोन चार केले आणि मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वैद्यकीय दृष्ट्या तिचं तोंड हुंगून पाहा."

मी हुंगलं. "कांदा," मी सांगितलं. "बाकी काही नाही."

तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी मावशीला सर्वांसमोर विचारलं, "प्रभू तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतो?"

"आमच्या. तुमच्याशी तुमच्या बोलत असन."

मंडळी हसली आणि पादरीसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी निकाल दिला: हे संदेश तुमच्या मनाचे खेळ आहेत असं सर्वांसमोर कबूल करा, नाहीतर ईस्टरला तुम्हांला प्रभुभोजन मिळणार नाही.

मावशीला वर्षभर पोटभर जेवण मिळालं नसतं तरी चाललं असतं, पण ईस्टरच्या भाकरीचा तो एक तुकडा तिला हवा होता. ती माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली, आणि पहिल्यांदाच गप्प बसली.

"म्हणून टाका ना एकदा," मी म्हटलं. "पाच शब्दांचं काम."

"आन् त्याले काय सांगू? तू बोललाच नाई म्हनून सांगून आली, असं? त्याच्याच घरचं जेवाले मी लबाड बोलू?"

मी आत जाऊन तिच्यासाठी चहा ठेवला.

पादरीसाहेबांनी जाहीर केलं होतं की ईस्टरची उपासना सूर्योदयाला होईल. सगळ्यांनी "हो, हो" म्हणून माना हलवल्या होत्या. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पहाटे पादरीसाहेबांनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. प्रार्थनाघरात मी आणि ते.

"लोक कुठे आहेत?"

"मोहाखाली," मी म्हटलं. "फूल याच वेळी पडतं. उशीर केला तर अस्वल खाऊन जातं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. जाहीर केलं होतं."

मग त्यांनी भाकरीचं ताट कपड्यात बांधलं, द्राक्षारसाऐवजी केलेल्या मनुकांच्या पाण्याची सुरई माझ्या हातात दिली आणि झपाझप शेताकडे निघाले. त्यांच्याबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं.

बसायला झाडलेली, सपाट जागा मोठ्या मोहाखालीच होती. माणसं टोपल्या घेऊन आली आणि दोरीच्या दोन्ही अंगांना बसली. पादरीसाहेबांनी प्रार्थना म्हटली. वरून फुलं टपटप पडत होती, त्यांच्या डोक्यावर, उघड्या पुस्तकावर. मग ते एकेकाला तुकडा देत मावशीपाशी आले आणि थांबले. हात ताटावरच राहिला. सगळी मंडळी खाली बघायला लागली.

"पादरीसाहेब," मावशी म्हणाली, "आज मले संदेश आला नाई."

मंडळीनं श्वास सोडला. मला मात्र, का कोण जाणे, वाईट वाटलं.

"येनार कसा?" ती पुढे म्हणाली. "मागचाच करायचा राह्यला हाये."

आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, बुंध्याजवळ गेली आणि दोरी गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळता पुटपुटत होती, "घे. झालं समाधान?" हे कोणाला, ते सांगायला नको. मग आपली भरलेली टोपली तिनं पायानंच जावेकडे सरकवली. जाऊ दोन्ही हात पदरात घालून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमची भाकर थंडी होऊन राह्यली."

पादरीसाहेबांनी तुकडा मावशीच्या हातावर ठेवला. नंतर सगळे पांगल्यावर मी ऐकलं, ते तिला हळूच विचारत होते, "माझ्यासाठी काही सांगितलं का?"

"सांगतलन ना. जेवून जा म्हने."

पुढे माझी बदली झाली. मावशी गेल्याचं मला जावेनंच कोणाकडून तरी कळवलं. मी गाव सोडून निघताना मावशीनं मला ती दोरी दिली होती. "बांधाले तुमाले कामी येईन," म्हणाली. अंबाडीची दोरी टिकाऊ. अजून माझ्या परसात आहे, तिच्यावर धुणं वाळतं. कधी सकाळी कपडे वाळत घालताना मी जरा थांबते. मला काही ऐकू येत नाही, कधीच आलेलं नाही. मग मी शेजारणीला, जिच्याशी माझं मुळीच पटत नाही, कुंपणावरून चहाला हाक मारते.