शास्त्री नगरचे पाळकसाहेब

प्रवचनात चार वाक्यं झाली की पाळकसाहेब चष्मा कपाळावर चढवायचे, समोरच्यांकडे भुवया उंचावून पाहायचे आणि विचारायचे, "हरकत?"

मराठीत याचा अर्थ सरळ आहे. पण आम्ही होतो जयपूरला, आणि हिंदीत हरकत म्हणजे खोडी. नवा माणूस दचकायचा. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिल्याच रविवारी ताडकन उभे राहिले. "पादरीजी, मैं तो चुपचाप बैठा हूँ! मैंने कोई हरकत नहीं की!"

मी त्यांना तो शब्द बदलायला सुचवलं. ते म्हणाले, "राहू द्या ताई. दोन्ही अर्थांनी विचारतोय असं समजा."

पाळकसाहेब मूळचे अहमदनगरकडचे. ऐंशीच्या दशकात रेल्वेत असलेल्या माझ्या यजमानांची जयपूरला बदली झाली आणि आम्ही शास्त्री नगरात भाड्याने राहायला आलो, तेव्हा गल्लीच्या टोकाला त्यांचं प्रार्थनाघर होतं. प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट हॉल, गोदरेजचं कपाट आणि एक अवाढव्य कूलर. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'सब आइए। शंका साथ लाइए।' 'शंका'वरचा अनुस्वार एवढा मोठा झाला होता की लांबून तो डोळाच वाटायचा.

एकदा मी घरी पेटी वाजवत बसले होते. खालून हाक आली, "ताई, मराठी का?" गॅलरीतून वाकून पाहिलं तर हे सायकल धरून उभे. "आमची पेटी वाजवणारी मुलगी लग्न होऊन कोट्याला गेली. रविवारी याल का?"

"पण मी ख्रिस्ती नाही हो."

"पेटी तरी कुठं ख्रिस्ती आहे? कलकत्त्याची आहे ती."

रविवारी मी गेले.

तुम्हीही आपापल्या गावात धर्माची माणसं पाहिली असतील. बहुतेकांना सगळं ठाऊक असतं. यांना काही ठाऊक नसलं तर ते चटकन सांगून टाकत. "हे मला कळलेलं नाही. कुणाला कळलंय?" मग कुणीतरी काहीतरी सांगे, दुसरा ते खोडून काढी आणि उपासना लांबत जाई. प्रार्थनेत ते देवाला 'आई-बापा' म्हणत. नरकावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्याचं सर्वांत जास्त दुःख आमच्या हवालदारकाकांना होतं. काका फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याचे, जुन्या घराण्यातले ख्रिस्ती. ते अगदी कळवळून म्हणत, "सगळा काढू नका पाळकसाहेब. थोडा तरी ठेवा. शिस्तीला लागतो."

प्रार्थना चालवायची पाळी दर रविवारी वेगळ्याची असे. माझीही येई. काकांची पाळी आली की ते छाती काढून देवाला रिपोर्ट देत, "मंडळी हजर, काही गैरहजर, एक रजेवर, बाकी सर्व ठीक, आमेन."

आणि प्रभुभोजन! द्राक्षारसाऐवजी उन्हाळ्यात फालशाचं सरबत, हिवाळ्यात भिजवलेल्या मनुकांचं पाणी. भाकर म्हणजे खरोखरच बाजरीची भाकरी. ती मोडली की निम्मी सतरंजीवर सांडायची. ख्रिस्ती असो, नसो, नवऱ्यानं टाकलेली असो, जातीनं बाहेर काढलेला असो, ज्याला यावंसं वाटेल त्याला तुकडा मिळे. कुणी कुरकुर केली तर पाळकसाहेब म्हणत, "मेज प्रभूचं आहे. मी नुसता वाढपी."

रेशमा आली ती मात्र कूलरसाठी. ती तृतीयपंथी होती. मुरलीपुऱ्यात राहायची आणि मूल झालेल्या घरी ढोलकी घेऊन बधाई गाणाऱ्यांची गुरू होती. मे महिन्यात ती दारातल्या पायरीवर येऊन बसली, वारा घेत. पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवून स्वतः खुर्ची उचलली आणि कूलरच्या अगदी समोर नेऊन ठेवली. ती काकांची जागा होती. घामानं निथळत काका म्हणाले, "ती देवासाठी आलेली नाही!"

"अर्धी मंडळी कूलरसाठीच येते काका. देवानं कूलरमधून बोलावलं तर, हरकत?"

रेशमा येत राहिली. थंडी पडली, कूलर बंद झाला, तरी येत राहिली.

त्या वर्षी नाताळच्या नाटकाची तयारी सुरू झाली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "बाळ जयपूरला जन्मलं असतं, तर सगळ्यात आधी कोण आलं असतं?"

"मेंढपाळ," काका म्हणाले.

"मेंढपाळ शहराबाहेरून, बस्सीहून यायचे. त्यांना बस मिळायला हवी. रेशमा आली असती!"

असं ठरलं. बाळ येशूसाठी मंडळीत एकच तान्हं मूल होतं, माझी तीन महिन्यांची मुलगी. "येशू मुलगी?" असं काकांनी विचारायच्या आत पाळकसाहेबांचा चष्मा कपाळावर गेला होता.

आणि मग कळलं की संस्थेचे अध्यक्ष दिल्लीहून नाताळला येणार आहेत. हॉलचं भाडं आणि पाळकसाहेबांचा पगार संस्था द्यायची. कुणीतरी तक्रार केली होती. हे वाटेल त्याला प्रभुभोजन देतात, बायकांना प्रार्थना चालवू देतात, आणि आता तर नाटकात रेशमा, म्हणजे कहर झालाय. अध्यक्ष निरीक्षणाला येत होते.

काका संध्याकाळी पाळकसाहेबांकडे आले. मी पेटीचा भाता चिकटवत तिथंच बसले होते. काकांनी टोपी काढली. ती ते कधीच काढत नसत. "पाळकसाहेब, एका दिवसापुरतं रेशमाला नको म्हणा. तुम्ही गेलात तर आम्ही काय करायचं?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला. मग मला म्हणाले, "ताई, मुरलीपुऱ्याला येता का? एकट्यानं सांगायला जीभ रेटणार नाही."

सायकलरिक्षात ते वाटभर पुटपुटत होते, "बहनजी, बात ऐसी है... बहनजी, देखिए..." रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून माझ्याकडे संशयानं पाहिलं.

रेशमानं दार उघडलं आणि आम्ही बसायच्या आत आतून साडी आणली. लालभडक, जरीची. "पादरीजी, ये पहनूँगी. सोचो, सारी उमर लोग बच्चे की ख़बर छुपाते रहे हमसे. दरवाज़ा बंद कर लेते हैं. पहली बार किसी ने न्योता देके बुलाया है."

पाळकसाहेबांनी चहा घेतला. परत एक घेतला. "बात ऐसी है," ते म्हणाले. रेशमा थांबली. ते साडीकडे पाहत राहिले.

"बात ऐसी है, समय पर आना."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "सांगितलं बघा एकदाचं."

नाताळच्या संध्याकाळी अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले. उंच, गोरे, मिशी अगदी रेखलेली. काकांनी त्यांना मंडळीतर्फे शाल पांघरली आणि धावत जाऊन नाटकातला दुष्ट हेरोद राजा झाले. इथून सगळं बिघडत गेलं. भाड्यानं आणलेल्या बकरीनं गव्हाणीतलं गवत खाल्लं आणि मग पुठ्ठ्याचा तारा खाल्ला. ज्या ताऱ्याच्या मागे मागे ज्ञानी लोकांनी यायचं तोच गिळला गेल्यामुळे ते विंगेतच थांबले. तेवढ्यात काका हेरोद म्हणून असे गरजले की बाळ येशूनं टाहो फोडला. मरिया झालेल्या मुलीला ती आवरेना, मी पेटीवरून उठू शकेना, आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा दारातून टाळी वाजली. कशी, ते तुम्हाला ठाऊक आहे.

लाल साडीतली रेशमा ढोलकीवालीसह मधल्या वाटेनं आली. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं, कानाशी काहीतरी गुणगुणलं. पोरगी गप्प झाली. मग रेशमानं बधाई गायली, अशी की माझी बोटं आपोआप तिच्या मागे गेली. गाणं संपल्यावर रिवाजाप्रमाणे नेग, म्हणजे बाळाच्या आनंदाची ओवाळणी, मागायला तिनं घरातल्या वडीलधाऱ्याला शोधलं. तिला शाल दिसली.

"बधाई हो, दादाजी! नेग दो!"

अध्यक्ष खुर्चीत मागे सरकले. "मैं... मैं तो निरीक्षण के लिए आया हूँ."

"हाँ तो निरीक्षण हमने कर लिया. लड़की है!"

हॉल फुटला. काका मुकुटासकट भिंतीला टेकून हसत होते. अध्यक्षांनी ओठ घट्ट दाबले, मिशी थरथरली, आणि मग त्यांनाही आवरेना. डोळे पुसत ते उठले आणि अंगावरची शाल काढून रेशमाच्या खांद्यावर घातली. तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. भिजलेलं होतं.

मग प्रभुभोजन झालं. पाळकसाहेबांनी भाकरी मोडली, ती सांडली. माणसं पुढं येऊ लागली. अध्यक्ष समोर आहेत म्हणून की काय, रेशमा मागे भिंतीशी उभी राहिली. काकांनी तिला पाहिलं. खाकरले. आणि परेडच्या आवाजात ओरडले, "रेशमा! एक कदम आगे!"

ती आली. काकांनी तिला आपल्या पुढं घेतलं.

आता शेवट गोड झाला असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. अध्यक्ष भाकरी खाऊन, पाळकसाहेबांना मिठी मारून गेले, आणि होळीच्या आत पाळकसाहेबांची बदली ओडिशातल्या एका आडगावी झाली. अध्यक्ष हसले होते ते खोटं नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. पण दिल्लीत बैठकीत बसलं की माणूस वेगळा होत असावा. पाळकसाहेब रागावले नाहीत. ओडिया शिकवणारं पुस्तक शोधत चौड़ा रास्त्यावरची पुस्तकांची दुकानं पालथी घालत राहिले.

स्टेशनवर सगळे गेलो होतो. यजमानांनी खटपट करून त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली होती. काकांनी कडक सलाम ठोकला. रेशमानं कडाकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. ते डब्यात चढले आणि आम्ही खिडकीशी गेलो.

खिडकीत एक म्हातारी बसली होती. शेजारी तिची सून, मांडीवर पोरं, पलीकडे कुणीतरी पाय वर घेऊन झोपलेला. पाळकसाहेब त्या जागेवर कुठंच नव्हते. गाडी हलली तेव्हा ते दारात दिसले, दाटीत एका पायावर उभे. एका हातात कुणाची तरी पाण्यानं भरलेली सुरई, दुसऱ्या काखेत कुणाचं तरी गाठोडं. आम्ही सगळे हात हलवत होतो. त्यांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून ते नुसती मान हलवत होते, आणि प्रत्येक हिसक्यासरशी सुरईतलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडत होतं.