अक्काच्या स्वयंपाकघरातली आघाडी

राजाजीनगरात आमच्या अक्काइतकी खुळी बाई सापडायची नाही, आणि तिच्याइतकी शहाणीही. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सत्यवती. निपाणीहून लग्न होऊन ती बंगळूरला आली, मागोमाग तिचा भाऊ हंबीरराव आला, टेम्पो चालवू लागला. इथवर सगळं गोड. मग आमचे भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान मालोजी, एका पक्षाचे कार्यकर्ते झाले नि हंबीरअण्णा दुसऱ्याचे. दोन्ही पक्ष म्हणे गरिबांचेच! पण एका निवडणुकीत या मेहुण्यांनी भर चौकात एकमेकांच्या बापाचा उद्धार केला, नि बोलणं बंद. भाऊबीजेला अक्काच ताट घेऊन भावाच्या दारी जायची. तो काही हिच्या दारी यायचा नाही.

मग ती आघाडी झाली. कालपर्यंत भांडणारे हेच दोन पक्ष मिळून राज्याचं सरकार चालवू लागले, आणि लोकसभेच्या प्रचाराला वरून हुकूम आला, एकत्र फिरा. मेले! अक्कानं इतकी वर्षं पाया पडून जे झालं नाही, ते एका फोनवर झालं.

प्रचाराला ऑफिस हवं होतं. अक्का म्हणाली, "आमची पुढची खोली घ्या, भाडं नको. पण दोघांनी जेवायचं आत, माझ्यासमोर." पहिले काही दिवस दोघे भिंतीकडे बघत जेवले. मग एकदा हंबीरअण्णा म्हणाले, "आमटी स्वल्प खारट झालीय." भाऊजी म्हणाले, "आमच्याकडं रोजचंच आहे." खोटं! आमटी उत्तम होती. पण अक्का अशी हसली की बाई गं, लग्न झाल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

निवडणूक हरले, पाठोपाठ सरकारही पडलं. पुरतं सव्वा वर्षही टिकलं नाही. लोक त्याला काय वाटेल ते म्हणोत, मी हात जोडते. पण लगेच पोटनिवडणूक लागली, दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर, आणि नेमकं त्यातच अक्काच्या लेकीचं, प्रणिताचं लग्न. आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो. अक्काचं रोज एकच पालुपद. "सरकार गेलं तर जाऊ दे गं," म्हणायची, "जाताना माझा भाऊ नको न्यायला."

लग्नाच्या सकाळी हंबीरअण्णा प्रचाराच्या टेम्पोतून मायकवरून भाऊजींच्या पक्षाची सालटी काढत होते. टेम्पो हॉलवरून गेला तेव्हा सगळं ऐकू आलं. भाऊजींचे पुढारी पहिल्या रांगेत बसलेले. गुरुजींनी पुकारलं, "मामा, मुलीला आणा!" मामाचा पत्ता नाही. कुणीतरी म्हणालं, चुलतमामा आहे की, चालतंय. अक्काचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात भाऊजी उठले. "थांबा गुरुजी. माझा मेहुणा यायचाय."

एक पुढारी खुसखुसला, "तो? सकाळपासून तुम्हालाच शिव्या घालतोय."

"घालू दे. मुलगी तोच आणणार."

आणि आले की हंबीरअण्णा! घामाघूम, ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत, गळ्यात पक्षाचं उपरणं तसंच. भाऊजींनी ते उपरणं काढून घेतलं, सगळ्या पुढाऱ्यांदेखत स्वतःच्या खांद्यावर टाकलं नि म्हणाले, "जा, पोरगी खोळंबलीय."

अक्कानं माझा दंड घट्ट धरला. "आलं गं बाई," म्हणाली, "माझं माहेर माझ्या दारी आलं."