जयवंता भोईणीचे दोन परवाने

जयवंता भोईणीने नाव ढकलायच्या बांबूने एका माणसाचा हात दोन ठिकाणी मोडला, तेव्हा पैनगंगेच्या त्या डोहात जाळं टाकायचा हक्क तिच्या घराकडेच होता. हे मी ठामपणे सांगतो, कारण परवान्याचा अर्ज माझ्या हातचा होता.

आता मी म्हातारपणी अमरावतीला राजापेठेत मुलाकडे राहतो. तेव्हा अकोला जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला एका तहसिलीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. जयवंता आणि तिचा नवरा सहदेव पूर्णाकाठचे. होळी झाली की पूर्णेत डबकी उरत. मग त्यांच्यासारखी आठ-दहा भोई घरं जाळी गाडीत घालून पैनगंगेवर येत. तिथले डोह भर उन्हाळ्यातही आटत नसत. अडचण एकच होती. नदीचा अलीकडचा काठ वऱ्हाडचा, म्हणजे इंग्रज सरकारचा, आणि पलीकडचा निजामाचा. त्याला आम्ही मोगलाई म्हणत असू. डोह एक, पण त्याला कागद दोन लागत. एकच कागद असला तर दुसऱ्या काठाचा शिपाई जाळं ओढून नेई.

सहदेव आधी आमच्या तहसिलीतून मराठी परवाना काढी, तो घेऊन नदी ओलांडी आणि दोन दिवस चालून उर्दू परवाना आणी. तिकडचा मुन्शी काटेकोर होता. आमचा परवाना बघून, त्याचा नंबर आपल्या कागदाच्या पाठीवर उतरवूनच तो शिक्का मारी. सहदेवला दोन्हीतलं अक्षर वाचता येत नव्हतं. दोन्ही कागद पत्र्याच्या नळीत घालून तो गळ्यात अडकवी.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या काठावरच्या गावच्या खुशालराव पाटलाने डोहात सुरुंग उडवायला सुरुवात केली. विहिरीचा खडक फोडायची दारू त्याच्याकडे होतीच. दारूच्या कांडीची वात पेटवून ती पाण्यात टाकली, की जरा वेळाने डोहभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत. मोठे गाडीत भरून बाजाराला जात, बोटाएवढी पिल्लं तिथंच सडत.

सहदेव पाटलाच्या ओसरीवर गेला आणि त्याने कागद पुढे केले. पाटलाचा दिवाणजी पुंजाराम याने मराठी परवाना मोठ्याने, नीट वाचला आणि वाचून झाल्यावर त्याचे चार तुकडे केले. ते वेचायला सहदेव वाकला तेव्हा पुंजारामने त्याच्या तोंडावर जोडा हाणला. पुढचे दोन दात पडले. सहदेव रक्त थुंकत नदीवर आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाळं घेऊन पाण्यात उतरला. उर्दू कागद शाबूत आहे, एवढंच तो बायकोला म्हणाला.

पुंजाराम दोन गड्यांना घेऊन दरडीवर आला. कांडी पेटवली आणि टाकली.

पाणी माणूसभर उंच उठलं आणि खाली बसलं. मग माशांबरोबर सहदेवही वर आला. अंगावर एक ओरखडा नव्हता, पण कान, नाक, तोंड सगळीकडून रक्त येत होतं आणि पोट फुगून टणक झालं होतं. जयवंताने त्याला त्याच्याच जाळ्यात ओढून वाळूवर घेतलं. त्याने दोनदा डोळे उघडले. ती हाका मारत होती. त्याला ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने तो गेला.

पुंजाराम दरड उतरून खाली आला आणि त्याने मेलेल्याच्या गळ्यातल्या नळीला हात घातला. जयवंताने बांबू उचलला. पहिला फटका कोपरावर बसला, दुसरा मनगटावर, तिसऱ्याने जबडा फुटला. चौथ्याआधी भोयांच्या बायांनी तिला धरलं. हे मला तिनेच सांगितलं. "मले त्याले मारूनच टाकाचं होतं," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाजी किती शिजली हे सांगावं तसं.

मग मयताचे हाल झाले. आमच्या बाजूचा पोलीस जमादार म्हणाला, कांडी मध्यधारेच्या पलीकडे फुटली, प्रकरण मोगलाईचं आहे. मोगलाईचा पोलीस अमीन म्हणाला, मयत वऱ्हाडच्या वाळूवर पडलंय. भोयांनी प्रेत नावेत घालून पलीकडे नेलं, तिथून परत आणलं. दोन दिवस ते लिंबाच्या पाल्याखाली होतं. तिसऱ्या दिवशी वास सहन होईना, तेव्हा पंचनाम्याविना त्याला पुरलं आणि जयवंता नळी घेऊन माझ्याकडे आली.

मी अर्ज लिहायच्या आतच खुशालरावाची फिर्याद दाखल झाली होती: बिनपरवाना मासे मारणाऱ्या भोयांनी दिवाणजीवर खुनी हल्ला केला. मराठी परवान्याचे वेचलेले तुकडे सहदेवच्या कमरेला होते, ते डोहातच गेले होते. जमादाराने जयवंताला केस धरून चावडीवर नेलं आणि नळी काढून घ्यायला तिच्या बरगड्यांत बुटाची लाथ घातली. पण नळी तोवर माझ्या पेटीत होती.

खटला अकोल्याला चालला. उर्दू कागदाच्या पाठीवरचा नंबर वाचला गेला, त्यावरून तहसिलीतली स्थळप्रत मागवली गेली आणि बिनपरवान्याचं कलम रद्द झालं. हात मोडल्याबद्दल मात्र तिला सहा महिने झाले. सहदेवच्या मरणाची चौकशी कोणी करावी हे ठरलंच नाही. पुंजारामने शपथेवर सांगितलं, पाण्यात माणूस मला दिसला नाही.

तुरुंगातून सुटली ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली. स्वतःच्या नावाचा परवाना पाहिजे म्हणाली. तहसिलीतल्या कारकुनाने तिला हसून परत पाठवलं: बाईमाणूस, त्यातून सजा भोगलेली. मी तिला अमरावतीच्या कमिशनरच्या नावाने अर्ज लिहून दिला. त्यात एक ओळ माझ्या मनाने घातली, की खुशालराव पाटलाचा दारूचा परवाना विहिरीच्या कामापुरता आहे आणि दारू नदीत उडते. ती ओळ वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हे पयले काहून नाही सुचलं, भाऊ?" मी कागद तिच्या अंगठ्यासाठी पुढे सरकवला.

अमरावतीला ती चार दिवस कचेरीच्या पायरीवर बसून होती. परवाना मिळाला. तो घेऊन तिने एकटीने मोगलाईची वाट धरली आणि त्या मुन्शीकडून दुसराही आणला.

ती डोहावर उतरली त्याच दुपारी खुशालरावाचे दहा-बारा गडी लाठ्या घेऊन आले. आधी त्यांनी वाळत घातलेली जाळी पेटवली. मग वाळूवर तासभर मारामारी झाली. भोयांकडे बांबू होते, मासे भोसकायचे भाले होते. एका गड्याच्या मांडीतून भाला आरपार गेला. भोयांतल्या एकाचं डोकं फुटलं आणि तो पुढे कायमचा तोतरा झाला. जयवंताच्या डाव्या डोळ्यावर लाठी बसली, तो डोळा गेला. फडक्याने तो दाबून ती उभीच राहिली, मागे हटली नाही.

यावेळी जमादाराला यावंच लागलं, कारण दारूच्या चौकशीचा अमरावतीचा हुकूम त्याच्या हातात पडला होता. पाटलाच्या गोठ्यात कडब्याखाली कांड्यांच्या पेट्या सापडल्या. त्याचा परवाना रद्द झाला, तो आणि त्याचे तीन गडी जेलात गेले. डोहातले सुरुंग थांबले.

पुढे दोन वर्षांनी पुंजाराम माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. हात वाकडाच जुळला होता, पाटलाने त्याला कामावरून काढलं होतं. जयवंता तिथं बसलेली होती. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

तिने त्याला एवढंच विचारलं, "माहा माणूस तुले दिसला होता ना?"

तो खाली बघत म्हणाला, "दिसला होता."

तिने माझ्या पेटीवरचा दगड उचलला. मी तिचं मनगट पकडलं. तिच्या हातात एवढं बळ होतं की ती झटकती तर मी पडलो असतो. मग तिने दगड सोडला. पुंजाराम अर्ज लिहून न घेताच निघून गेला. मग मी तिचा अर्ज लिहायला घेतला.

त्रेचाळीस साली ती तापाने गेली. तोवर दर होळीनंतर ती दोन्ही कागद काढत होती. ती गेली त्या उन्हाळ्यात वच्छला नावाची एक विधवा भोईण माझ्यापुढे बसली आणि स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज लिहून मागू लागली. तिच्यामागे आणखी सहा बाया उभ्या होत्या. कारकून या खेपेला हसला नाही.