समोरचं बिस्कीट

इस्त्रीवालीचे पाय सकाळीच भरून आले होते, त्यात दवाखान्याची लिफ्ट बंद. पुढे ती, मागे तिची आई, त्यामागे शाळकरी लेक. तिघीही अंगाने आडव्या, तिघीही धापा टाकत. लॉन्ड्रीतल्या बायका तिला ‘गादी’ म्हणत आणि तीही हसून घ्यायची. न हसून सांगते कुणाला!

लठ्ठपणाने मेंदूत, आठवणीत, स्वभावात काय फरक पडतो, पोरांत किती नि म्हाताऱ्यांत किती, ते इथे तपासत होते. एकाच घरच्या तीन पिढ्या मिळाल्या म्हणून डॉक्टरीणबाई खूश. इस्त्रीवाली मात्र एकाच गोष्टीसाठी आली होती. शाळेतल्या बाईंनी लेकीला ‘जाडी आणि वर मठ्ठ’ म्हटलं, तेव्हापासून पोरीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिच्या डोक्यात काही कमी नाही, एवढं एखाद्या शिकलेल्या माणसाने तिच्यादेखत सांगावं.

आजीला शब्द ऐकवले. ती निम्मे विसरली आणि वर डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, तुमचं लग्न झालंय का. इस्त्रीवालीला मेंदूचं चित्र काढायच्या यंत्रात सरकवलं, तर त्या ठणठणाटात तिला चक्क झोप लागली. दिवसाढवळ्या आडवं व्हायला तिला एरवी कोण देतंय?

मग लेक. तिच्यापुढे क्रीमचं बिस्कीट ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी येईपर्यंत थांबलीस तर आणखी एक मिळेल. आई काचेतून बघत होती. पोरीने हात मांडीखाली घातले आणि मान वरच केली नाही. बाईंनी येऊन दुसरं ठेवलं, आता खा म्हणाल्या, तरी ती नाहीच म्हणाली.

“केवढा ताबा आहे हो स्वतःवर!” बाई आईला म्हणाल्या. “हुशार आहे तुमची मुलगी.”

हेच ऐकायला ती जिने चढली होती, पण तिची नजर पोरीच्या मांडीखालच्या हातांवरच होती. ताबा कसला डोंबलाचा! लोकांत ‘मला भूक नाही’ म्हणायचं आणि घरी ओट्याशी पाठमोरं उभं राहून जेवायचं, हे पोरीने आईचंच बघितलेलं. तिला स्वतःचाच संताप आला.

ती आत जाऊन लेकीशेजारी बसली. “खा गं.”

“इथे नको, आई. बघतायत सगळे.”

दार उघडं होतं, बाहेर बाकांवर माणसं होती. इस्त्रीवालीचे कान तापले. तरी तिने एक बिस्कीट उचललं, सगळ्यांदेखत तोंडात घातलं आणि दुसरं लेकीच्या हातात दिलं.

पोरीने आधी बाहेर पाहिलं, मग आईकडे, आणि बिस्कीट फ्रॉकच्या खिशात घातलं.

“घरी खाईन,” ती म्हणाली.