माझ्या साडूंची बचावफळी

माझ्या थोरल्या साडूंइतका बचावलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. कशापासून बचावलेला, असं विचाराल तर ते त्यांनाही सांगता येणार नाही, कारण ज्या ज्या संकटांची त्यांनी जय्यत तयारी केली त्यातलं एकही आजवर त्यांच्या वाटेला फिरकलेलं नाही. आम्ही राहतो त्या अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलरमध्ये वर्षातून मोजून काही दिवस पाऊस पडतो, तरी त्यांच्या गाडीत दोन छत्र्या आणि एक रेनकोट असतो. दुसरी छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. "पहिली उलटी झाली तर?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की आपण इतकी वर्षं एकाच छत्रीवर कसे जगलो याचं मलाच नवल वाटलं. गाडी ते नेहमी तोंड बाहेर करून लावतात, म्हणजे पळायची वेळ आली तर सोपं जातं. आमच्याकडे घरात विंचू निघतात, म्हणून बूट घालण्याआधी झटकायची सगळ्यांनाच सवय आहे. पण जिथे विंचू औषधालाही सापडत नाही त्या बेलव्ह्यूला एका लग्नाला गेलो असताना नवव्या मजल्यावरच्या हॉटेलात हे गृहस्थ पहाटे उठून स्वतःचे, बायकोचे, आणि आमच्या खोलीत येऊन माझेही बूट झटकत होते. ऑफिसात त्यांचं कामही याच जातीचं. कंपनीने बनवलेल्या कॉम्प्युटरच्या नव्या चिपा भट्टीत तापवायच्या, मग गोठवायच्या, आणि त्या कधी मरतात ते बघत बसायचं. आपल्या आवडीच्या कामाचे कोणी इतके पैसे देतं यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आता सगळ्यांनाच त्यांचा हा स्वभाव सोसतो असं नाही. एका ओळखीच्यांच्या घरी सत्यनारायण होता. साडू पूजेला गेले ते हातात शिऱ्याचा डबा घेऊन. यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "अय्या, हे काय आणलंत?" साडू सरळ मनाने म्हणाले, "काही नाही, तुमचा बिघडला तर असावा म्हणून." त्या बाई पुढे दोन महिने ताईंशी बोलल्या नाहीत. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. बायकोचं ऐकून ऐकून मी त्यांना ताई आणि साडूंना भाऊजीच म्हणतो. ताईंचा स्वभाव अगदी उलटा. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी बाई ती, आणि दूध उतू जात नाही, कारण भाऊजी तिथे आधीच डाव घेऊन उभे असतात.

आम्ही दहा जण दरवर्षी फॅन्टसी फुटबॉल खेळतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथल्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलमधले खरेखुरे खेळाडू आपण आळीपाळीने निवडायचे आणि आपली कागदावरची टीम बनवायची. रविवारी ते खेळाडू खरोखर मैदानात जे काही करतील त्याचे गुण आपल्याला. दर आठवड्याला एकाची टीम दुसऱ्याशी भिडते. पळणारे, चेंडू झेलणारे, फेकणारे असे एकेक खेळाडू घ्यायचे, आणि त्याशिवाय कुठल्यातरी एका टीमची अख्खी बचावफळी, म्हणजे डिफेन्स, एकगठ्ठा घ्यायची. त्या फळीने समोरच्याला जितकं कमी करू दिलं तितके गुण जास्त. शहाणे लोक पळणाऱ्या घोड्यांसाठी भांडतात आणि डिफेन्स शेवटच्या फेरीत, उरलासुरला, जो मिळेल तो उचलतात. आपण लग्नात पंगतीला शेवटी मठ्ठा घेतो तसा.

भाऊजी डिफेन्स पहिल्या फेरीत घेतात. दरवर्षी. आणि नुसते घेत नाहीत, त्यासाठी जुलैपासून अभ्यास करतात. कुठल्या टीमचे अडवणारे गडी लग्न झालेले आहेत, कोणाचा कोच किती वर्षं टिकून आहे, कोणाच्या गावात थंडी किती, हे सगळं त्यांच्या एक्सेलमध्ये असतं. टीमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत; ते त्यांना बर्फवाली, समुद्रवाली, डोंगरवाली अशीच म्हणतात. "धावणारे चिकार मिळतात रे," ते मला समजावतात, "अडवणारा मिळत नाही." या धोरणामुळे ते कधीही पहिले आलेले नाहीत. पण त्यांना पहिलं यायचंच नसतं. त्यांना फक्त शेवटचं यायचं नसतं. दरवर्षी पाचवे किंवा सहावे येऊन ते अत्यंत समाधानाने नव्या वर्षात प्रवेश करतात.

यंदाची निवड त्यांच्याच घरी, गणपतीतल्या रविवारी झाली. आरती आटोपली, मोदक झाले, आणि आम्ही लॅपटॉप घेऊन दिवाणखान्यात बसलो. यंदा जो शेवटचा येईल त्याला शिक्षा काय, यावर वाद चालला होता. कोणी म्हणालं सगळ्यांच्या गाड्या धुवायच्या, कोणी म्हणालं वर्षभर क्रिकेटचं किट वाहायचं. ताईंना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हरेल त्याने मंडळाच्या संक्रांतीच्या प्रोग्रॅमला स्टेजवर जाऊन बायकोचं नाव घ्यायचं. उखाण्यात." एकच जल्लोष झाला. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातला मोदक तिथेच थांबला होता.

याचं कारण सांगायला हवं. स्वतःच्या लग्नात, घास भरवायच्या वेळी, सगळं घर उखाण्यासाठी हटून बसलेलं असताना या माणसाला खोकल्याची अशी उबळ आली की एका डॉक्टर काकांनी पंगतीतून उठून त्यांची छाती तपासली. उखाणा राहिला तो राहिलाच. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा आजही बंद पडतो. ऑफिसचं प्रेझेंटेशन ते आधी रेकॉर्ड करून ठेवतात आणि शेजारी उभं राहून मान हलवतात. ताईंना ते "अगं" म्हणतात, फार तर "ऐकलंस का." मी या घरात आल्याला सतरा वर्षं झाली, त्यांच्या तोंडून मी ताईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या माणसाला दोनशे लोकांसमोर माइकवर उखाणा म्हणजे फाशीच.

घाबरून त्यांनी त्या दिवशी जे केलं ते आमच्या लीगच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं. पहिल्या फेरीत बर्फवाल्यांचा डिफेन्स घेतला तो घेतलाच, दुसऱ्या फेरीत समुद्रवाल्यांचाही घेतला. स्टँडबाय म्हणून. आमची लीग चालवते माझी चौदा वर्षांची मुलगी. तिने कपाळाला हात लावला. "काका, यू कॅन ओन्ली प्ले वन!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "बेटा, गाडीला चार चाकं चालतात. पाचवं असतं ना डिकीत?" पण दोन बचावफळ्यांच्या नादात पळणारे घोडे दुसऱ्यांनी नेले, आणि जे उरले ते एकेक करून गुडघे धरून बसले. नाताळ जवळ आला तेव्हा तळाला दोघंच होतो, ते आणि मी. माझं कारण साधं होतं, मला या खेळातलं फारसं कळत नाही. शेवटच्या आठवड्यात गाठ आमचीच पडली. हरेल तो स्टेजवर.

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, दोन दिवस झोप नाही. बर्फवाली लावू की समुद्रवाली? तुझं काय मत?"

मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही माझ्याविरुद्ध खेळताय."

"मग काय झालं? दुसऱ्या कोणाला विचारू? घरचं माणूस खोटं सांगत नाही."

बर्फवाल्यांची गाठ त्या रविवारी अशा टीमशी होती जी वर्षभर सगळ्यांना धुऊन काढत होती. समुद्रवाल्यांसमोर होती एक गळपटलेली टीम. समुद्रवाली लावा, हे माझ्या मुलीने काय, शेजारच्या कुत्र्यानेही सांगितलं असतं. पण माझ्याही डोळ्यांसमोर तो माइक आला. मी म्हणालो, "बर्फवालीच लावा, भाऊजी. पहिल्या फेरीत घेतलीत ती उगाच का?"

"थँक यू रे," ते म्हणाले, आणि त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "आता झोपतो."

पुढचे दोन दिवस मी झोपलो नाही. ज्या माणसाने नवव्या मजल्यावर माझे बूट झटकले त्याला मी जाणूनबुजून खड्ड्यात ढकललं होतं. रविवारी सकाळी ठरवून त्यांच्याकडे गेलो, की अकराला मॅच सुरू व्हायच्या आत खरं सांगून टाकायचं. दार उघडलं ताईंनी. "बरं झालं आलास, गरम थालीपीठ खा," म्हणून त्यांनी ताट हातात दिलं. भाऊजी माझ्याकडे बघून असे हसले, जसे आम्ही दोघं एकाच बाजूने खेळत होतो. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्यानंतर सांगू म्हटलं, आणि घड्याळात अकरा वाजले. आता टीम बदलता येणार नव्हती.

भाऊजींची मॅच बघायची रीत वेगळी आहे. बर्फवाले बचाव करत असतील तेवढाच वेळ ते टीव्हीसमोर बसतात. त्यांची चढाई सुरू झाली की उठून डिशवॉशर रिकामा करायला जातात. "आपली माणसं आता आराम करतायत," असं वर सांगतात. त्या दिवशी मैदानावर बर्फ पडायला लागला. आधी भुरभुर, मग असा की टीव्हीवर रेघाही दिसेनात. वर्षभर सगळ्यांना धुणारी ती टीम त्या बर्फात नवीन बूट घातलेल्या पोरासारखी घसरायला लागली. चेंडू त्यांच्या हातातून निसटायचा आणि भाऊजींचा कोणीतरी धिप्पाड विवाहित गडी त्यावर आडवा पडायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा भाऊजी हातात चमचे घेऊन तसेच उभे होते. मला वाटलं होतं, आपण हरतोय म्हणून वाईट वाटेल. उलट प्रत्येक चेंडू निसटला की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. चौथ्या वेळेला तर मीच ओरडलो. ताई म्हणाल्या, "अरे, तू कोणाकडून आहेस?"

संध्याकाळी सगळ्या मॅचेस संपल्या. मी तीन गुणांनी हरलो. भाऊजी खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुटलो." मग उठून त्यांनी मला मिठी मारली. "तुझ्यामुळे. मी एकटा असतो तर समुद्रवालीच लावली असती." समुद्रवाल्यांनी त्या दिवशी सपाटून मार खाल्ला होता. खरं काय ते मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही, आणि आता सांगेन असं वाटत नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात दुपारी मी स्टेजवर गेलो आणि एक बरा उखाणा घेतला. टाळ्या पडल्या, बायको लाजली, मुलीने व्हिडिओ काढून डोळे फिरवले, आणि दोन मिनिटांत लोक पुन्हा तिळगुळाकडे वळले. आपण ज्याला इतके भ्यालो ते एवढंच होतं. भाऊजी तिसऱ्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या तिळगुळाचा डबा ताईंना द्यायला मी पार्किंगमध्ये गेलो. ऊन कलत होतं. ताई रिकामी पातेली डिकीत ठेवत होत्या आणि भाऊजी ती वर्तमानपत्रात गुंडाळून देत होते. माझी चाहूल दोघांनाही नव्हती.

"अहो, तुम्ही हरला असतात तर?" ताई हसत म्हणाल्या. "परत खोकला?"

"नाही. तयारी होती."

"कसली तयारी?"

भाऊजींनी रस्ता ओलांडताना बघतात तसं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हातातल्या पातेल्याकडे बघत, अगदी हळू, पण एकदाही न अडखळता म्हणाले,

"घराला कुंपण, गाडीला विमा, टीम घेतली बचावाची;
वृंदा सोबत आहे म्हणून चैन परवडते या स्वभावाची."

ताई झाकण हातात धरून उभ्याच राहिल्या. मग पदराचं टोक डोळ्याला लावून म्हणाल्या, "इतकं छान येत होतं, तर स्टेजवर म्हणायला काय झालं असतं?"

"तिथे दोनशे माणसं," भाऊजी म्हणाले. "त्यांत तू कुठे बसली आहेस ते मला दिसलं नसतं."

मी डबा घेऊन तसाच मागे सरकलो आणि शेजारच्या व्हॅनच्या आड उभा राहिलो. चार महिने त्या माणसाने ते दोन ओळींचं ओझं एकट्याने वाहिलं असणार, आणि माझा डाव साधला असता तर ते माइकच्या खरखरीत, तिळगुळाच्या घाईत कुठल्याकुठे विरून गेलं असतं. भाऊजींनी ताईंसाठी दार उघडलं, त्या नीट बसल्याची खात्री केली, पट्टा लावला का ते पाहिलं, आणि तोंड बाहेर करून लावलेली ती गाडी हळूहळू निघून गेली. हरल्याचं इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.